तांडेलाचा तांब्या

त्या तांडेलाचा मला एकदा इतका राग आला होता, की परत गेल्या गेल्या त्याच्याविरुद्ध पत्रक काढायचं मी ठरवलं होतं. मथळासुद्धा तयार होता : ‘जनतेच्या कामात आडवे येणारे हे कोण?’ त्या दिवसांत मला राग आला की आधी मथळा सुचायचा, मग कारण.

अलिबागेत एका सायकलच्या दुकानाच्या माळ्यावर आमचं कार्यालय होतं. कार्यालय म्हणजे एक सतरंजी, एक स्टोव्ह आणि भिंतीला टेकलेले पत्रकांचे गठ्ठे. स्वातंत्र्य येऊन दहा-बारा वर्षं झाली होती आणि कुलाबा जिल्ह्यातल्या कित्येक गावांना ते अजून पोचायचं होतं, कारण पोचायला रस्ता नव्हता. मग आम्ही गठ्ठे घेऊन समुद्राच्या वाटेनं जायचो. आणि समुद्राच्या वाटेनं जायचं म्हणजे बहुतेक वेळा या तांडेलाच्या मचव्यातून.

मचवा जुना, एका शिडाचा. रेवदंड्याला कौलं भरायची, मुरूड-श्रीवर्धनला उतरवायची, येताना सुपारीची पोती आणायची, असा त्याचा धंदा. चळवळीच्या माणसांना तो फुकट न्यायचा. अट एकच, मचव्यावर भाषण करायचं नाही. का, म्हणून मी विचारलं तर म्हणाला, “वारा ऐकतो. मंग त्याचं कामात ध्यान न्हाय रात.”

साठीच्या घरातला माणूस. डोक्याला कोळ्याचा रुमाल, अंगात पितळी बटणांचा काळा कोट, तो कुठून आला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. एका हातात सुकाणू आणि दुसऱ्या हातात उघडी छत्री, तीही ऊन असो नसो. मी पहिल्याच दिवशी त्याला शहाणपण शिकवायला गेले, की तांडेलमामा, वाऱ्यानं छत्री उलटी होईल. “उलटी झाली की वारा फिरला समजायचं,” तो म्हणाला. “न्हायतर कशाला धरली?” त्यानंतर तासभर मी गप्प बसले. माझ्या ओळखीच्यांना हे सांगितलं तर ते छत्रीवर विश्वास ठेवतात, माझ्या गप्प बसण्यावर नाही.

वाऱ्याला तो व्याही म्हणायचा. वारा पडला की ‘व्याही जेवायला बसलाय’. उलटा सुटला की ‘व्याह्याला मानपान कमी पडला’. त्याच्या सोबतीला खलाशी म्हणून त्याचा मेव्हणा असायचा. तो इतकं कमी बोलायचा, की दोन सफरी मी त्याला मुका समजत होते. तिसऱ्या सफरीत त्यानं मला “सरका” म्हटलं तेव्हा मी दचकून पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसले.

आमच्या चळवळीबद्दल तांडेलाचं मत काय होतं ते मला कधी कळलं नाही. मिठागरावरच्या संपात आम्ही एक लांबलचक कापडी फलक केला होता, ‘मजुरी वाढवा’. संप मिटल्यावर तो फलक मचव्यातच राहिला, आणि पुढच्या खेपेला पाहते तर त्याचा अर्धा भाग शिडाला ठिगळ म्हणून लागलेला. दोन वर्षं तो मचवा शिडावर आडवं ‘वाढवा’ मिरवत फिरत होता. एकदा जकातीच्या शिपायानं हटकलं, काय वाढवा? तांडेल म्हणाला, “वारा, सायेब.” मी चिडले. लोकांनी उपाशी राहून केलेल्या संपाची ही किंमत? तर म्हणाला, “संपात ते एका भिंतीवर होतं. आता सगल्या किनाऱ्यानं वाचलं.” मी आणखी चिडले.

पण खरी खोड पाण्याची. डोलकाठीला दोरीनं एक तांब्याचा तांब्या बांधलेला असायचा, कडेला पोचा आलेला. कुठल्याही बंदराला लागलं की हा खाली उतरत नसे. तांब्या सोडायचा, धक्क्यावर जो कोणी असेल त्याच्या हातात द्यायचा आणि तिथल्या विहिरीचं पाणी मागायचा. पाणी आलं, पिऊन झालं, की मग पाय जमिनीवर. मुरूडला तर आमचा मचवा दिसला की धक्क्यावरची मासळीवाली आपणच कळशी घेऊन उभी राहायची. त्याच्या बापाची ही रीत, आणि बापाच्या बापाची.

असं चाळीस वर्षं केल्यावर त्याच्या जिभेवर सगळा किनारा बसला होता. श्रीवर्धनचं पाणी म्हणे सुपारीच्या मुळांतून येतं, जीभ जरा आखडते. काशीदच्या पाण्याला वाळूचा वास. चौलचं पाणी देवळाच्या पायरीसारखं गार, उन्हात ठेवलं तरी. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मी एकदा त्याची परीक्षा घेतली. अलिबागेतून तीन बाटल्यांत पाणी नेलं, तिसरीत पहिल्या दोन बाटल्यांचं अर्धं अर्धं. त्यानं प्रत्येकाचा एक घोट घेतला. पहिलं तुमच्या सायकलवाल्याच्या आडाचं, म्हणाला, दुसरं कचेरीमागच्या विहिरीचं. तिसरी बाटली त्यानं बूच लावून मला परत दिली. “हे तू मिसललंस. पान्याशी असलं करू नये, बाय.”

मी या खोडीला अंधश्रद्धा म्हणायचे. बंदर सार्वजनिक असतं, तिथं उतरायला कोणाची परवानगी कशाला? तो विचारायचा, “तिथं मानसं रातात ना?” राहतात. “मंग दार वाजवल्याबिगर कशी शिरतेस?” मी म्हणायचे, जनतेचं काम आमंत्रणाची वाट पाहत नाही. हे वाक्य माझ्या एका पत्रकात होतं आणि मला ते फार आवडायचं.

आता त्या बेटाचं सांगते.

रेवदंड्यापासून चांगला वारा असेल तर दोन-अडीच तासांवर एक लहानसं बेट आहे. नाव लिहीत नाही, का ते पुढं कळेल. त्यावर कोळ्यांची चाळीसेक घरं आणि एक विहीर. विहिरीचं पाणी खारं. बेटावरच्या बायका रोज होडी वल्हवत समोरच्या किनाऱ्याला जायच्या आणि तिथल्या एका बागायतदाराच्या विहिरीवर हंडे भरायच्या, तेही त्याच्या सुपारीच्या झाडांचं पिऊन झाल्यावर. झाडं आधी, माणसं मग. पावसाळ्यात होडी जाऊ शकायची नाही, तेव्हा चार महिने तेच खारं पाणी. पोरं जुलाबानं हैराण. आदल्या साली हंड्यांनी भरलेली एक होडी उलटली. बायका वाचल्या, हंडे गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बायका उसने हंडे घेऊन त्याच होडीतून निघाल्या.

हे मला त्या बागायतदाराच्या गड्यानं सांगितलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी रात्रीत पत्रक लिहिलं, छापून घेतलं आणि त्याखाली अर्ज जोडला : बेटाच्या खडकात पावसाचं पाणी साठवायला सरकारनं टाकं खोदून द्यावं. सोमवारी तालुक्याला दौऱ्यावर मोठे साहेब येणार होते. त्यांच्या हातात अर्ज द्यायचा, आणि तो बेटावरच्या प्रत्येक घराच्या अंगठ्यासकट द्यायचा. आधी एकदा दुसऱ्या एका गावाचा अर्ज अंगठ्यांशिवाय दिला होता, तो ‘तक्रार ग्रामस्थांची नाही’ असा शेरा मारून परत आला होता. साहेब पुन्हा येणार ते पावसाळा उलटल्यावर. म्हणजे ही संधी गेली की आणखी चार महिने खारं पाणी.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. चाळीस वर्षांत तांडेल त्या बेटाला कधी लागला नव्हता. तिथं ना कौलारू घर, ना सुपारी, मचव्याचं कामच काय? वाटेत त्यानं विचारलं, बोलावलंय का तुला? मी माझं आवडतं वाक्य म्हटलं. त्यानं छत्री दुसऱ्या हातात घेतली.

बेट जवळ आलं तसं मला दिसलं ते काळं खडकाळ पाणी आणि मधून जाणारी वाट कुठंच नाही. धक्क्यावर माणसं जमायला लागली होती. तांडेल पाण्याकडे बघतच नव्हता. शीड अर्ध्यावर घेऊन तो त्या माणसांकडे टक लावून बघत मचवा आत घेत होता, मध्येच डावीकडे, मध्येच उजवीकडे. मी घाबरून विचारलं, खडक कसे दिसतात तुम्हाला? “मना न्हाय दिसत. त्यांना ठावं हाय ना. खडक जवल आला की त्यांची तोंडं बदलतात.”

आम्ही धक्क्यापासून पंधरा-वीस हातांवर असताना त्यानं शीड पुरतं उतरवलं आणि नांगर टाकून बसला. मी म्हटलं, चला. तो डोलकाठीचा तांब्या सोडत होता. मी काही थांबले नाही. गठ्ठा डोक्यावर घेतला आणि पाण्यात उडी मारली. गुडघाभर चिखल. तशीच चिखलानं भरलेल्या लुगड्यानिशी मी धक्क्यावर चढले आणि नाव सांगायच्या आधी पत्रक वाचायला लागले.

‘या बेटावर माणसाला पिण्याजोगे पाणी नाही. येथील मुले खारे पाणी पिऊन आजारी पडतात. येथील स्त्रिया थेंबासाठी परक्याच्या विहिरीवर हात पसरतात...’

माझा आवाज चांगला आहे. पत्रकही चांगलं होतं, आजही मी त्यातला एक शब्द बदलणार नाही. पण माझं वाचून होईपर्यंत अर्धा धक्का रिकामा झाला होता. मागे उरला होता तो बेटाचा पाटील, जमिनीकडे बघत. आणि एक म्हातारी, हिराबाय, नाकात मोठी नथ. तिनं माझ्या हातातलं पत्रक घेतलं, चार घड्या घातल्या आणि माझ्या हातात परत ठेवलं. “आमच्याकडं पानी हाय,” ती म्हणाली. “तुला कोनी सांगितलं न्हाय म्हनून?”

 खोटं, तेही माझ्या तोंडावर, तेही त्यांच्याच भल्याच्या कामात. मी वाद घालणार इतक्यात मचव्यावरून तांडेलानं हाक दिली. “ओ पाटील, अनोलखी मचवा हाय. पानी मिलंल का?”

मला वाटलं आता हा माणूस सगळ्याचा बट्ट्याबोळ करणार. पण पाटलाची मान वर झाली. तो स्वतः होडी घेऊन गेला, तांब्या घेऊन आला, आणि एका घरातून तो भरून, वर गुळाचा खडा ठेवून परत नेला. गेलेली माणसं पुन्हा धक्क्यावर आली. पाहुणा पाणी पितोय हे बघायला कोणाला आवडत नाही?

तांडेलानं एक घोट घेतला, तोंडात फिरवला. “हे चौलचं,” तो म्हणाला.

धक्क्यावरच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं.

“झ्याक पानी हाय. पन मी चौलला न्हाय आलो, पाटील. तुमच्या दारात आलोय. तुमचं द्या.” आणि त्यानं तांब्या तसाच भरलेला परत दिला.

पाटील गोंधळून तांब्या घेऊन धक्क्याला परतला. शेवटी हिराबायनं त्याच्या हातातून तांब्या घेतला, चौलचं पाणी एका कळशीत जपून ओतलं, आणि ती बेटाच्या विहिरीकडे चालू लागली. परतली तेव्हा तिनं गूळ ठेवला नव्हता. ती स्वतः पाटलाच्या होडीत बसून गेली आणि तिनंच तांब्या त्याच्या हातात दिला, आव्हान दिल्यासारखा.

तो सगळा तांब्या प्यायला. एका दमात नाही, सावकाश, जसा श्रीवर्धनला प्यायचा तसा. मी ते पाणी नंतर चाखलं. घशाखाली जात नाही. त्यानं तळाचा थेंबसुद्धा ठेवला नाही. मग रुमालानं मिशी पुसली.

“खारं हाय,” तो म्हणाला. “आता उतरतो.”

हिराबाय हसली. आधी एकटीच, मग होडीतला पाटील, मग धक्का. मी तिथं चिखल वाळत चाललेल्या लुगड्यात उभी होते आणि मला कळेना यात हसण्यासारखं काय आहे. मीही तेच छापून आणलं होतं.

मग पाटलाच्या ओटीवर खरी गोष्ट बाहेर आली. बेटाला पाणी नाही हे कळलं तर कोण मुलगी देणार? म्हणून सोयरिकीला पाहुणे यायचे असले की चौलहून मडकी भरून आणायची आणि ‘आमच्या विहिरीचं’ म्हणून पाजायचं. तीन वर्षं तरीही एक सून आली नव्हती, कुठून तरी बोभाटा झालाच होता. आणि आता मी तेच जाड टायपात छापून सगळ्या कोळीवाड्यांत वाटायला निघाले होते. मला राग आवरेना. मी म्हटलं, म्हणजे त्या मुलींना तुम्ही फसवून आणता. हिराबाय म्हणाली, “व्हय. मना पन फसवलं. तिसऱ्या दिसी कललं. तवर हलद निघाली न्हवती.” आणि पुन्हा हसली, पण या वेळी बाकीच्या बायका हसल्या नाहीत.

तांडेल माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, “तू तोंडं न्हाय बघितलीस, बाय. खडक लागला.”

अर्ज तसाच पडला होता. अंगठा द्यायला कोणी तयार नाही. सोमवार परवावर आलेला. मी तांडेलाला म्हटलं, मग तुम्हीच सांगा काय लिहू.  तो म्हणाला, लिही : आमच्या धक्क्याला मचवा लागला तर त्याच्या तांडेलाला आमच्या बेटाचं गोडं पानी देता यावं, म्हनून टाकं पायजे.

मी भांडले. खूप भांडले. तो पत्रकाचा मथळा मला तेव्हाच सुचला. सरकारकडे हक्क मागायचा असतो, पाहुणचाराला सामान नाही मागायचं. आजारी पोरांचं काय? बागायतदाराच्या झाडांचं काय? ज्या बायका रोज जिवावर उदार होऊन होडी काढतात त्या अर्जात कुठंच नाहीत आणि पितळी बटणांचा एक तांडेल मात्र आहे? सगळे शांतपणे ऐकत होते. माझं झाल्यावर हिराबाय म्हणाली, “ह्याच्यावर मी अंगठा देईन. तुझ्यावर न्हाय.”

मी पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर अर्ज लिहिला. शाईची डबी समुद्रात भिजून गेली होती. हिराबायनं दिव्याची काजळी खोबरेलात कालवून आणली. दुपारपर्यंत घरटी एक अंगठा झाला, आणि कोणी मागितला नसताना बायकांनी आपले वेगळे दिले. खालच्या कोपऱ्यात मेव्हण्यानंही एक उठवलेला सापडला. तो बेटाचा नव्हता, पण खोडणार कसा?

साहेबांनी अर्ज वाचला, उलटून पत्रकही वाचलं, कारण ते पाठीवर होतंच. मला विचारलं, यातली कुठली बाजू खरी? मी म्हटलं, दोन्ही, पण अंगठे एकाच बाजूला आहेत. महिन्याभरानं कचेरीतून विचारणा आली : बेटावर दरसाल सरासरी किती पाहुणे येतात? मी फटकळ उत्तर लिहिणार होते. तांडेल म्हणाला, त्यांनाच बोलाव की.

पावसाळा उलटल्यावर साहेब खरंच आले, सरकारी लाँचनं. धक्क्यावर हिराबाय तांब्या घेऊन उभी. बेटाची रीत आहे म्हणाली, पाणी प्यायल्याशिवाय पाहुणा उतरत नाही. ती रीत जेमतेम सहा महिन्यांची होती. साहेबांनी घोट घेतला आणि लाँचच्या पलीकडच्या बाजूला वाकले. उतरल्यावर त्यांनी खडक कुठं खोदता येईल तेवढंच विचारलं.

तरीही टाक्याला दोन वर्षं आणि माझी अकरा स्मरणपत्रं लागली. आज टाक्यावर पाटी आहे : ‘बेटावर येणाऱ्या पाहुण्यांच्या सोयीकरिता.’ सगळं बेट रोज त्यातून पाणी भरतं. ती पाटी वाचली की माझं अजूनही डोकं फिरतं. हक्काचं पाणी पाहुण्यांच्या नावानं प्यावं लागतं ही शरमेची गोष्ट आहे आणि मी ते कुठंही लिहायला तयार आहे. फक्त बेटाचं नाव घालणार नाही. तेवढं मी शिकले.

टाकं पहिल्या पावसानं भरलं त्या साली समुद्र मोकळा होताच आम्ही गेलो. तांडेलानं खडकांतून मचवा आत घेतला, नेहमीसारखा माणसांची तोंडं बघत, पण त्या दिवशी ती सगळी इतकी खुशीत होती की आम्ही एकदा खडकाला घासलो. शीड उतरलं. तांब्या गेला, भरून आला. आणला हिराबायनंच, आणि या खेपेला वर गूळ होता.

त्यानं घोट घेतला. तोंडात फिरवला. भुवया वर गेल्या. दुसरा घोट घेतला. छत्री मिटून खाली ठेवली, हे मी पहिल्यांदा पाहत होते. तिसरा घोट घेऊन तो दूर चौलच्या दिशेला बघत राहिला, मग श्रीवर्धनच्या. धक्क्यावर चाळीस घरं श्वास रोखून उभी. हिराबाय होडीत बसून त्याच्याकडे बघत होती आणि तिला कसलीही घाई नव्हती.

“न्हाय ओलखत,” शेवटी तो म्हणाला. “कुठलं हे?”

“घे अजून,” ती म्हणाली. “भरपूर हाय.”

तो तळापर्यंत प्यायला. तांब्या पालथा करून बघितला. मागून मेव्हण्याचा आवाज आला, “पावसाचं.”

“मना ठावं हाय,” तांडेल त्याच्यावर खेकसला, आणि उतरला.